वरून आलं होतं

"वरून आलं होतं, वैनी." असं मी म्हणालो. एकदा नाही, तीनदा म्हणालो.

वैनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. आमच्या सूतगिरणीत वाइंडिंग खात्यात ती ठेकेदाराच्या मस्टरवर होती. सात वर्षं. कायम कधी झाली नाही. २०२२ च्या दिवाळीआधी आम्ही गिरणीचं गेट नऊ दिवस बंद ठेवलं. नवव्या दिवशी समझोता झाला. कायम कामगारांना पगारवाढ मिळाली. मलाही मिळाली. ठेकेदाराकडच्या चौदा बायकांना मात्र परत आत घेतलं नाही. त्यात वैनी होती. चौदापैकी अकरा आमच्याच वस्तीतल्या.

मी तिच्या दारात उभा होतो. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्ही सांगितलासा म्हणून बसलो आम्ही, भावजी."

"वरून आलं होतं."

"वरनं म्हंजे कुठनं? वर कोण हाय ते मला म्हाईत न्हाई. स्टुलावर तुम्ही हुतासा."

हे खरं होतं. चहाच्या टपरीवरनं आणलेल्या स्टुलावर मी उभा होतो. गळ्यात निळा रुमाल होता. आवाज चांगला आहे, कविता म्हणायची सवय आहे, म्हणून घोषणा द्यायचं काम माझ्याकडं. त्या आवाजानं मी बायकांना आत जाऊ दिलं नाही.

दोस्तहो, त्यानंतर हे शब्द माझ्या कानातून गेले नाहीत. रिंग खात्यात मशिनीच्या घरघरीत माणूस काही ऐकू शकत नाही, पण हे ऐकू यायचं. तुटलेला धागा सांधताना ऐकू यायचं. म्हणून हे लिहितो आहे. मी नववीत शाळा सोडली. जे वाचलं ते जयंतीच्या आणि सहा डिसेंबरच्या पुस्तकांच्या स्टॉलवरनं घेऊन, रातपाळीच्या सुट्टीत वाचलं. चुकलं तर सांगा.

आधी काय झालं ते नीट सांगतो. गेट बंद करायच्या आदल्या रात्री आमच्या पुढाऱ्याचा फोन आला. "उद्या पहिल्या पाळीपासून बंद. ठेकेदाराच्या बायासुद्धा बाहेर पाहिजेत. त्यांचं पण बघू." मी कमिटीचा सेक्रेटरी. नऊ जणांची कमिटी होती. मी कुणाला बोलावलं नाही. माझ्या तोंडात एक प्रश्न आला होता, तो सांगतो. "साहेब, बायांचं नाव गिरणीच्या मस्टरवर नाही. त्यांना काढलं तर कायदा आपल्या बाजूनं येईल का?" एवढा सरळ प्रश्न. पण मी तो गिळला. साहेबांना काय वाटेल, असं वाटलं. आपण एवढे मोठे झालो का, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर साहेबांनी रात्री अकरा वाजता मला फोन केला, दुसऱ्या कुणाला नाही, याचा आनंद वाटला.

म्हणजे मी आज्ञा पाळली ती भीतीनं नाही. मला कुणी मारणार नव्हतं. मी खुशीनं पाळली. आपण जातीची गुलामगिरी ओळखतो. खुशीची गुलामगिरी ओळखत नाही, कारण ती आपण आपल्या हातानं गळ्यात घालतो आणि तिचा फोटो काढतो.

आता कुणी म्हणेल, मग वर-खाली काही नकोच. कुणी पुढारी नको, कुणी कुणाचं ऐकायला नको. आमच्यातले काही तरुण असं बोलतात. मला ते पटत नाही. दोन वर्षांपूर्वी ब्लोरूममध्ये आग लागली. कापसाला लागलेली आग किती पळते ते बघितलेल्यालाच ठाऊक. जॉबर ओरडला, "मशीन बंद, माणसं भायेर!" आम्ही सगळे त्याच्या शब्दावर पळालो. कुणी मत मागितलं नाही. तो वयानं माझ्याहून मोठा नाही, जातीनं कोण आहे ते त्या घडीला कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्याला काम येतं, आणि सगळ्यात शेवटी तो स्वतः बाहेर पडेल, हे आम्हाला माहीत होतं. तो शेवटीच बाहेर पडला. अशा माणसाचं ऐकण्यात मला कमीपणा वाटला नाही.

म्हणजे शिडी शिडीत फरक आहे. जातीच्या शिडीवर आपण जन्मलो. ती कुणी निवडली नाही. तिच्यावरून उतरता येत नाही आणि वर बसलेला कुठल्याच गोष्टीला जबाबदार नसतो. त्याला विचारा, आमच्या गल्लीला पाणी का नाही? तो म्हणतो, वरून मंजुरी नाही. त्याच्या बापाला विचारलं असतं, आम्हाला विहिरीवर का येऊ देत नाही? तो म्हणाला असता, पूर्वीपासून चालत आलंय. ‘वरून’ आणि ‘पूर्वीपासून’ हे दोन शब्द म्हणजे या व्यवस्थेची दोन कुलपं. त्यांच्या मागं कधीच माणूस सापडत नाही. आणि मी वैनीच्या दारात उभा राहून तेच कुलूप लावत होतो. सवर्णाची भाषा माझ्या तोंडात होती.

माझा आज्जा मुंबईत परळला एका गिरणीत होता. रिंग खात्यातच. त्याचा बापसुद्धा गिरणीत होता. त्या काळी आपल्या माणसाला साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा. अस्पृश्याचं तोंड लागलेल्या धोट्याला दुसरा कामगार हात लावायचा नाही. त्या खात्यात पगार जास्त. म्हणून बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं टाकला. कामगार कामगार भाऊ म्हणणारे लोक होते, पण त्या भावांच्यात पण शिडी होती.

आज्जा १८ जानेवारी १९८२ च्या संपात होता. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या वेळी कायद्यानं एकच युनियन मान्यताप्राप्त होती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं गिरणी कामगारांच्या नावानं बोलायचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. कामगाराला तो प्रतिनिधी पसंत आहे की नाही, हे विचारायला मतपेटी नव्हती. म्हणून १९८१ साली कामगार आपण होऊन घाटकोपरला डॉक्टर दत्ता सामंतांकडे गेले आणि म्हणाले, आमचं पुढारीपण घ्या. कायद्यानं दिलेला पुढारी सोडून त्यांनी आपल्या पसंतीचा घेतला.

त्या कायद्याचं मूळ आणखी मागं आहे. १९३८ साली मुंबई सरकारनं औद्योगिक कलहाचं बिल आणलं तेव्हा बाबासाहेब कायदेमंडळात त्याच्याविरुद्ध उभे राहिले. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, अशी त्यांची मांडणी होती. ७ नोव्हेंबर १९३८ ला त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला. ज्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं ते एका कामासाठी एका ओळीत उभे राहिले.

१९८२ चा संप हरला. रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. माणसं हळूहळू परतली, कुणाला परत घेतलं, कुणाला नाही. आज्जाला घेतलं नाही. तो गावाकडं आला, दुसऱ्याच्या रानात राबला. मी लहानपणापासून वाट बघत होतो की हा माणूस कधीतरी डॉक्टरला शिव्या देईल. वैनीच्या दारातनं आलो त्या रात्री मी त्याला विचारलं, "आज्जा, तुझं वाटोळं कुणी केलं?"

तो म्हणाला, "मालकानं केलं. सरकारनं केलं. पर संपावर मी गेलो, लेका. मला कुणी दावं लावून नेलं नव्हतं. मैदानात हात वर करा म्हटलं तवा मी हात वर केला. ह्यो हात." आणि त्यानं हात दाखवला. "त्यो हात माझा हाय म्हणून मी पोरांसमोर ताठ बसू शकतो. डॉक्टरनं फसवलं म्हटलं की मी मेंढरू झालो."

मी त्याला गेटची सगळी गोष्ट सांगितली. त्यानं एकच विचारलं, "बायांनी हात वर केला हुता का?"

नव्हता. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

इथं मला माझा गुन्हा दिसला. माझा हात माझा होता. बायकांचा हात मी माझ्याच खिशात घालून ठेवला होता. पुढाऱ्यानं मला विचारलं नाही आणि मी बायकांना विचारलं नाही. वरचा माझ्याशी जसा वागला तसाच मी माझ्या खालच्याशी वागलो. बाबासाहेबांनी जातीला चढत्या श्रेणीची विषमता म्हटलं ती हीच. प्रत्येकाच्या डोक्यावर पाय आणि प्रत्येकाच्या पायाखाली डोकं.

मग पुढारीपण कसं असावं? माझ्या मनात महाड येतं. मार्चचं नाही, डिसेंबरचं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायले ते सगळ्यांना ठाऊक. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचा ठरलं. हजारो माणसं आली, सत्याग्रही म्हणून नावं नोंदवली, तुरुंगात जायच्या तयारीनं. पण दरम्यान विरोधकांनी कोर्टाकडून मनाईहुकूम आणला होता. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, माणसं पेटलेली होती. अशा वेळी पुढाऱ्याला ‘चला’ म्हणणं सोपं असतं. टाळ्या मिळतात. बाबासाहेबांनी परिषदेपुढं स्थगिती मांडली. कारण सांगितलं. माणसं नाराज झाली, तरी समजावलं. लोकांनी ऐकलं ते मारून मुटकून नाही. आणि ऐकायला लावून ते घरी जाऊन झोपले नाहीत. तो खटला लढत राहिले. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात निकाल आपल्या बाजूनं लागला. म्हणजे त्या स्थगितीचं ओझं त्यांनी जवळजवळ दहा वर्षं स्वतःच्या खांद्यावर वाहिलं. आमच्या पुढाऱ्यानं चौदा बायकांचं ओझं दहा दिवससुद्धा वाहिलं नाही. आणि मीही नाही.

सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. हिंदू कोड बिल रखडवलं गेलं, हे एक मोठं कारण. कायदामंत्र्याला म्हणता आलं असतं, मी काय करू, पक्षाचं ठरत नाही, वरून येत नाही. खुर्ची राहिली असती. ते तसं म्हणाले नाहीत.

आमच्यापासून माणगाव जवळ आहे. २१ आणि २२ मार्च १९२० ला तिथं बहिष्कृत वर्गाची परिषद झाली. अध्यक्ष बाबासाहेब, वय अठ्ठावीस. माझ्याहून एका वर्षानं मोठे. शाहू महाराज तिथं आले आणि लोकांना म्हणाले की तुम्हाला तुमच्यातलाच पुढारी मिळाला आहे. राजा होता तो. जन्मानं मिळालेली गादी होती. तरी त्यानं, माझ्या मागं या, असं म्हटलं नाही. गादीवरचा माणूस निवडलेल्या माणसाकडं बोट दाखवतो, ही गोष्ट मला मोठी वाटते.

त्याहून जुनी गोष्ट ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये आहे. उपाली न्हावी शाक्य राजपुत्रांच्या घरचा नोकर. ते राजपुत्र आणि उपाली एकदमच संघात जायला निघाले. संघात नियम असा की जो आधी दीक्षा घेईल तो ज्येष्ठ, नंतरच्यानं त्याला वंदन करायचं. राजपुत्र बुद्धाला म्हणाले, उपालीला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याच्यापुढं वाकावं लागेल आणि आमचा शाक्यपणाचा गर्व उतरेल. बुद्धानं तसं केलं. संघातसुद्धा ज्येष्ठ-कनिष्ठ होतं, पण ते जन्माचं नव्हतं, कबूल केलेलं होतं. पुढं बुद्ध गेल्यावर राजगृहाच्या संगीतीत विनयाचे नियम सांगायचं काम या न्हाव्याकडं आलं, कारण ते त्याला सगळ्यांत चांगले येत होते.

त्याच राजपुत्रांत देवदत्त होता. तो पुढं बुद्धाला म्हणाला, तुम्ही म्हातारे झालात, संघ माझ्या हातात द्या. बुद्धानं दिला नाही. कुणालाच दिला नाही. वारस नेमलाच नाही. धम्म आणि विनय हाच तुमचा शास्ता, म्हणाले. संघात ठराव कसा व्हायचा? मोठ्या गोष्टीला ठराव मांडून तीनदा विचारायचे. पटत असेल त्यानं गप्प राहायचं, पटत नसेल त्यानं बोलायचं. वाद मिटला नाही तर शलाका वाटून मतं मोजायचे. आणि आम्ही? "सगळ्यांना मान्य आहे का?" एवढं म्हणून उत्तराच्या आत घोषणा देतो. घोषणा म्हणजे प्रश्न बुजवायचं माती-दगड. ते काम माझं होतं.

२५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेब घटना समितीत शेवटचं मोठं भाषण करायला उभे राहिले. त्यात त्यांनी सावध केलं की कितीही थोर माणूस असो, त्याच्या पायाशी आपलं स्वातंत्र्य वाहू नका. भक्तीनं धर्मात मोक्ष मिळत असेल, राजकारणात भक्ती माणसाला खाली नेते आणि शेवटी हुकूमशाही आणते. हे सांगताना त्यांनी जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताचा आधार घेतला. ‘मिल’ हे नाव वाचून मी गिरणीत एकटाच हसलो होतो. नंतर हसू गेलं. कारण हे भाषण मी संपाच्या आधी वाचलं होतं. पेन्सिलनं खुणा केल्या होत्या. खुणा केल्या आणि त्याच वर्षी आमच्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला कविता लिहिली. ती फ्लेक्सवर छापली. खाली माझं नाव होतं. चौकात महिनाभर माझे शब्द त्याच्या फोटोखाली उभे होते. वैनी रोज त्याच्याखालनं कामाला जायची.

कवीची जबाबदारी म्हणून भाषणं होतात. माझी जबाबदारी एवढी सरळ आहे. माझ्या शब्दांनी त्या माणसाला मोठं केलं, आणि त्या मोठेपणापुढं मीच प्रश्न विचारायला घाबरलो.

आपल्या चळवळीचं दुखणं मी इथं नवीन सांगत नाही. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष उभा राहिला आणि थोड्या वर्षांत त्याचे तुकडे झाले. १९७२ ला पँथर उठली, १९७४ ला फुटली. १९९८ ला एकी झाली तेव्हा चार नेते खुल्या जागांवरून लोकसभेत गेले. पुन्हा फूट पडली. दर वेळी आम्ही पुढाऱ्यांना शिव्या दिल्या. पण दर गटाच्या मागं माणसं होती. ती माणसं म्हणजे मी. "साहेब म्हणतील तसं" म्हणणारा. पुढाऱ्याला गट पाडता येतो तो माझ्या बिनप्रश्नाच्या हातावर. मग त्या फुटीत माझा वाटा किती, हे कधी कुणी मोजलं?

मी पुन्हा वैनीकडं गेलो. तीन आठवडे लागले पाय उचलायला. म्हणालो, "वैनी, वरून आलं असेल. पण तुम्हाला सांगितलं मी. न विचारता सांगितलं. चूक माझी."

तिनं माफ केलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. ती आता एका यंत्रमाग कारखान्यात कांड्या भरते. हातात पूर्वीपेक्षा कमी पडतं. धाकट्या मुलीची शिकवणी बंद केली. ती म्हणाली, "चूक तुमची म्हणून माझं मस्टर येतंय का माघारी?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "फुडच्या बाईला तरी इचारून सांगा."

पुढच्या बैठकीत मी हे सगळ्यांसमोर बोललो. आणि तीन गोष्टी मांडल्या. काम बंद करायचं असेल तर आधी सगळ्यांना विचारायचं, ठेकेदाराच्या माणसांनासुद्धा, आणि तीनदा विचारायचं. ज्यांनी ठरवलं त्यांची नावं वहीत लिहायची, ‘वरून आलं’ असं वहीत चालणार नाही. आणि ज्याची नोकरी जाईल त्याच्यासाठी आम्ही कायम कामगारांनी वाढीव पगारातनं दर महिन्याला काढायचं.

पुढाऱ्याचा माणूस म्हणाला, "तू शिस्त मोडतोस." मी म्हणालो, "शिस्त मला पाहिजे. पण ज्याचं ऐकायचं त्याचं नाव मला माहीत पाहिजे, आणि त्याला माझं." पहिल्या दोन गोष्टी पाचाविरुद्ध चार अशा पास झाल्या. तिसरी पडली. पैशाची गोष्ट आली की हात खाली जातात. आम्ही सहा जण आमच्यापुरतं काढतो. चौदा घरांना ते पुरत नाही. सेक्रेटरीपद मी सोडलं नाही. सोडलं असतं तर बरं दिसलं असतं, पण ते पळून जाणं झालं असतं. पुढच्या निवडणुकीत लोकांनी पाडलं तर उतरेन.

वहीच्या पहिल्या पानावर मी मागची तारीख घालून एक ओळ लिहिली आहे. ‘ऑक्टोबर २०२२, गेट बंद. चौदा बायकांना न विचारता बाहेर ठेवलं.’ पुढं ‘कोणी ठरवलं’ असा रकाना आहे. तिथं माझं नाव आहे. त्याच्या खाली पुढाऱ्याच्या नावासाठी एक ओळ कोरी ठेवली आहे. वही दोनदा त्यांच्याकडं पाठवली. अजून सही आलेली नाही. तिसऱ्यांदा पाठवणार आहे.